साहेबांच्या विनोदावर किती हसायचं?

सकाळची साडेदहाची मिटिंग. बडोद्यातली कुठलीही धरा: अलकापुरीतली बँक, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना, रावपुऱ्यातली कचेरी. साहेब काहीतरी बोलतात, बोलता बोलता स्वतःच हसतात, आणि टेबलाभोवतीचे अकरा जण हसतात. हसू साहेबांच्या उजव्या हातापासून सुरू होतं आणि दाराजवळच्या खुर्चीपर्यंत पोचायला त्याला जेमतेम एक सेकंद लागतो. दाराजवळच्याने विनोद नीट ऐकलेलाही नसतो. तो बाकीच्यांचे दात बघून हसतो.

यालाच मग 'आमच्याकडे वातावरण अगदी खेळीमेळीचं आहे' असं म्हटलं जातं, आणि म्हणणारे नेमके साहेबच असतात.

विनोद कामाला लागतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कोणी, कोणावर आणि कधी करायचा याचा. कचेरीतल्या विनोदाचा अधिकार आज पदाबरोबर येतो, केबिन आणि गाडीसारखा. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. वर बसलेल्याने विनोद करावा तो स्वतःवर, खालच्यांनी वरच्यावर केला तर तो ऐकून घ्यावा, आणि वरून खाली येणारी थट्टा शक्य तितकी बंद व्हावी. हसण्याचे कार्यक्रम आखण्यापेक्षा संस्थांनी एवढं सांभाळलं तर पुष्कळ झालं.

आधी हसण्याबद्दलचा एक गैरसमज काढायला हवा. आपण समजतो की विनोद झाला म्हणून माणसं हसतात. रॉबर्ट प्रोवाइन या अमेरिकन संशोधकाने बाजारात, कॉलेजांत, रस्त्यावर हसणाऱ्या लोकांचे १,२०० प्रसंग टिपले. हसण्याच्या लगेच आधी जे वाक्य बोललं गेलं होतं, ते खरोखर विनोदी म्हणावं असं फक्त १० ते २० टक्के वेळा निघालं. उरलेल्या वेळी वाक्यं होती 'चला, निघतो' किंवा 'तू कुठे होतास?' अशा जातीची. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा सरासरी ४६ टक्के जास्त हसतो आणि एकट्यापेक्षा चार माणसांत आपण सुमारे ३० पट जास्त हसतो, हेही त्यानेच मोजलं. थोडक्यात, हसणं ही विनोदाला मिळालेली पावती नसते. माणसं एकमेकांना 'आपण बरोबर आहोत' असं सांगतात, त्याचा तो आवाज असतो. मग ज्याच्या हातात वार्षिक शेरा आहे त्याच्या वाक्यावर आलेलं हसू कसलं माप देतं? पगाराचं.

पायरीचा आणि हसण्याचा हा संबंध आपल्या जुन्या शास्त्रकारांना चांगला ठाऊक होता. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांना, मधले दोन मध्यमांना, शेवटचे दोन अधमांना. मोठ्यांनी गालात हसायचं आणि खालच्यांनी खदाखदा. पण याच परंपरेत विदूषकही आहे. त्याला प्राकृतात बोलायची मुभा, सतत भूक, आणि राजाला तोंडावर टोकायचा परवाना. संस्कृत नाटकातला राजा विनोद करून विदूषकाला हसवत बसत नाही. विदूषक बोलतो आणि राजा ऐकून घेतो. आपल्या मिटिंगांमध्ये हे काम नेमकं राजाने स्वतःकडे घेतलं आहे.

मराठीत थट्टेला किती शब्द आहेत बघा: थट्टा, चेष्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, खिल्ली, फिरकी, टोमणा, कोपरखळी. हे शब्द अदलाबदल करून वापरता येत नाहीत, कारण प्रत्येकात कोण कुठे उभा आहे ते दडलेलं असतं. फिरकी घेतली की समोरचाही शेवटी हसतो. टर उडवली की तो सोडून सगळे हसतात. कोपरखळी मारायला तर माणूस शेजारी आणि साधारण आपल्याच उंचीचा लागतो; खुर्चीवरून जमिनीवर बसलेल्याला कोपर मारायला गेलात तर ते थेट डोक्यात लागतं. 'मस्करीची कुस्करी' ही म्हणही मस्करीतल्या शब्दांपेक्षा या उंचीच्या फरकामुळेच जास्त वेळा खरी होते.

घरातही थट्टेची नाती ठरलेली असायची. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नातू यांनी एकमेकांची हवी तेवढी चेष्टा करावी; सासरा-सून किंवा जावई-सासू यांनी जपून बोलावं. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडला की पंगतीत शांतता पसरायची. कचेरीत याचा साधा अर्थ असा: एकाच वेळी रुजू झालेले दोघे कारकून दीर-भावजयीसारखे, साहेब आणि कंत्राटी कामगार सासरा-सुनेसारखे. सासऱ्याने सुनेच्या बोलण्याची नक्कल केली आणि ती हसली, तर ती मोकळी झाली असं समजायचं की तिला पर्याय नव्हता असं?

यावर संस्थांकडे आज दोन उपाय आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला जुना: 'ही काही टवाळकी करायची जागा नाही.' यावर जास्त लिहायला नको. बंदी घातलेल्या कचेरीत विनोद थांबत नाही, फक्त जिन्यात जातो आणि जाताना जास्त विषारी होतो.

दुसरा उपाय नवा आहे आणि त्याला खर्चाचं हेड असतं. शुक्रवारी तीन ते चार मजेचा तास, रंगीत टोप्या, एखादा बोलावलेला विनोदवीर, नाहीतर सगळ्यांनी उभं राहून हो-हो-हा-हा. हास्यक्लबाला माझा विरोध नाही. मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये पाच माणसांना घेऊन तो सुरू केला. सुरुवातीला तिथेही चुटके सांगितले जात. दोनेक आठवड्यांत चांगले चुटके संपले आणि उरले ते अश्लील किंवा कोणाला तरी लागणारे. मंडळी नाराज झाली, तेव्हा चुटके काढून टाकले आणि हसण्याचा नुसता व्यायाम ठेवला. हा इतिहास प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याने भिंतीवर लावावा. स्वेच्छेने, रोज, समान पायरीवरच्या लोकांत जमलेल्या गटाचा चुटक्यांचा साठा दोन आठवड्यांत आटला; मग हुकमावरून जमवलेल्या चाळीस जणांचा किती टिकेल? आणि त्यानंतर जे चुटके येतील ते कोणावरचे असतील?

कमाटीबागेत सकाळी सहा वाजता हात वर करून हसणारा माणूस कंटाळला तर घरी जाऊ शकतो. शुक्रवारच्या तासातून उठून जाणाऱ्याची नोंद होते. फरक तेवढाच आहे, पण तो सगळं बिघडवतो. 'अमुक जण टीममध्ये मिसळत नाही' हा शेरा अनेकदा अशाच तासाला जन्म घेतो.

हसण्याच्या आरोग्यगुणांवर इथे थोडं थांबतो, कारण या कार्यक्रमांची फाइल त्याच आधारावर मंजूर होते. नॉर्मन कझिन्स या संपादकाने १९७६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या आजाराबद्दल लिहिलं: दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागे. हे एका माणसाचं निवेदन होतं आणि त्याच काळात तो क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होता. पुढे रॉबिन डनबर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं की खळखळून हसल्यावर वेदना सोसण्याची मर्यादा थोडी वाढते. एवढं ठीक. यावरून 'हसा आणि रक्तदाबाची गोळी बंद करा' इथपर्यंतचा प्रवास फॉरवर्ड करणाऱ्यांनी केला आहे, डॉक्टरांनी नाही.

डॉक्टरांबद्दलचा जो अभ्यास खरोखर कामाचा आहे, तो वेगळाच. अमेरिकेत ऑरेगॉन आणि कोलोरॅडो राज्यांत ५९ फॅमिली डॉक्टर आणि ६५ सर्जन यांची रुग्णांशी झालेली बोलणी ध्वनिमुद्रित केली गेली; निष्कर्ष १९९७ मध्ये छापले. ज्या फॅमिली डॉक्टरांवर उपचारातल्या चुकीबद्दल कधीच दावा झालेला नव्हता, ते रुग्णांबरोबर जास्त हसत आणि विनोद करत होते. पण तेवढंच नव्हतं. पुढे काय करणार आहोत हे ते आधी सांगत होते, रुग्णाला बोलतं करत होते, आणि एका भेटीला सरासरी १८.३ मिनिटं देत होते. दावे झालेले डॉक्टर १५ मिनिटं. सर्जनांच्या बाबतीत मात्र असा फरक सापडला नाही. म्हणजे विनोद सुटा काढून टोचता येत नाही. तो त्या सव्वातीन मिनिटांच्या आत असतो. रुग्णाकडे न बघता पडद्यावर टाइप करत मारलेला विनोद हा फक्त घाईचा आवाज.

आता हेच बडोद्याच्या कारखान्यात बघू. शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटांची सुरक्षेची बैठक असते, तिला सगळे टूलबॉक्स टॉक म्हणतात. आठवड्यातून सहा वेळा तेच ऐकून कामगारांचे कान बधिर झालेले असतात, आणि म्हणून सुपरवायझर मध्ये एखादा विनोद घालतो. बहुतेक वेळा तो बायकोवरचा असतो. सगळे हसतात. दहा मिनिटांनी विचारलं तर बायको लक्षात असते आणि ग्राइंडर विसरलेला असतो. विनोद लक्ष खेचतो हे खरं, पण जिथे हशा येतो तिथेच खेचतो. म्हणून हशाचा शब्द आणि धोक्याचा मुद्दा एकाच जागी यायला हवेत.

फॅब्रिकेशनच्या शॉपमधलं उदाहरण घेऊ. सांगायचं आहे ते असं: १०० मिलिमीटरच्या अँगल ग्राइंडरचा, म्हणजे धातू घासायच्या हातयंत्राचा, वेग मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या घरात असतो. त्याच मापाच्या व्हीलवर, म्हणजे घासायच्या चकतीवर, साधारण १५,२०० ची मर्यादा छापलेली असते, म्हणून ते टिकतं. काम लवकर उरकावं म्हणून काही जण गार्ड, म्हणजे व्हीलवरचं संरक्षक आवरण, काढून १८० मिलिमीटरचं व्हील चढवतात. त्याची मर्यादा ८,५०० च्या आसपास. ते फुटतं, आणि तुकडे चेहऱ्याच्या उंचीवर उडतात. त्यामुळे व्हीलवरचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा मोठा हवा, गार्ड जागेवर हवा, नवं व्हील चढवल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवून बघायचं, आणि गॉगल डोळ्यांवर.

हे आकडे आधी, कोरडे, बोटांवर मोजून सांगायचे. मग सुपरवायझर म्हणतो: 'गेल्या महिन्यात मी वीस मिनिटं गॉगल शोधत फिरलो. सगळ्यांना विचारलं. शेवटी सापडला तो इथे,' आणि कपाळावर बोट ठेवतो. 'वीस मिनिटं माझं कपाळ एकदम सुरक्षित होतं.' हशा येतो. तो विरायच्या आत एकाला विचारायचं, 'व्हीलवर आठ हजार पाचशे लिहिलंय, मशीनवर अकरा हजार. लावू?' तो 'नाही' म्हणाला की बैठक संपली.

यात विनोदाला लागले पंधरा-वीस सेकंद. फजिती सुपरवायझरची आहे, कुठल्या वेल्डरची नाही. ती खरी आहे. कामगारांनी त्याला तसं फिरताना पाहिलेलं आहे. हशा 'कपाळ' या शब्दावर फुटतो आणि दुपारी एखाद्याचा गॉगल वर सरकला की शेजारचा नुसतं कपाळाला बोट लावतो. उपदेश करायची गरज राहत नाही. बायकोवरच्या विनोदाने हे काम होत नाही.

आणि काही जागा अशा आहेत की तिथे विनोद पूर्ण बंद. कोयलीची रिफायनरी असो की नंदेसरीतला रसायनाचा छोटा कारखाना, टाकीत माणूस उतरवायच्या आधी ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांमध्ये आहे का, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत आहे का, विषारी वायू आहे का, हे मोजायचं असतं, आणि तोंडाशी एक माणूस सतत उभा लागतो. या वेळी कोणी हसत 'जा रे, काही होत नाही, तुझा विमा आहे ना' म्हणालं, तर नवा मुलगा त्यातलं 'जा रे' ऐकतो. वॉकीटॉकीवर तर चेहराही दिसत नाही. उपरोध त्यातून जात नाही, आज्ञा तेवढी जाते. विमानवाहतुकीने हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लट इथे उतरताना एक विमान कोसळलं. वैमानिक राजकारणापासून जुन्या गाड्यांपर्यंत गप्पा मारत होते. १९८१ पासून अमेरिकेत नियम आहे: १०,००० फुटांच्या खाली कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलायचा नाही. वर गेल्यावर बोला की! ऑपरेशन थिएटरमध्येही तसंच: कापण्याआधी रुग्णाचं नाव, जागा आणि शस्त्रक्रिया मोठ्याने म्हणायची वेळ असते, तेव्हा शांतता. विनोद हवा की नको, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. कुठल्या मिनिटाला, एवढंच ठरवलेलं असतं.

कारागिरीचा भाग अजून एक आहे आणि तो मराठीत विशेष नडतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हशाचा शब्द अलगद वाक्याच्या मध्ये अडकतो. 'लेखा विभागात वाऱ्याची फाइल अडकलेली असल्यामुळे पंखा आला असूनही उपयोग होत नाही.' सगळं आहे, हशा नाही. आता तोडा: 'पंखा आलाय. वाऱ्याची फाइल लेखा विभागात आहे.' पहिलं वाक्य सरळ, माहितीचं. मग अर्धा श्वास. दुसऱ्यात 'वाऱ्याची' हा शब्द सुरुवातीलाच येतो, ऐकणाऱ्याला क्षणभर काही लागत नाही, आणि 'लेखा विभाग' आला की उलगडा होतो. नंतरचं 'आहे' इतकं हलकं की आडवं येत नाही. लिहून वाचून दाखवणाऱ्यांचा विनोद पडतो तो बहुधा इथेच: त्यांचं वाक्य परिपत्रकासारखं असतं आणि हशाच्या शब्दानंतर अजून तीन शब्द बाकी असतात.

तोच विनोद कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर अर्धा श्वासही जातो आणि चेहराही. 'वा, काय वेळेवर रिपोर्ट पाठवलात!' हे टेबलाशी उभं राहून म्हटलं तर चालून जाईल. रात्री अकराला ग्रुपवर बत्तीस जणांसमोर आलं की ज्याला आलं तो ते सकाळपर्यंत वीसदा वाचतो. नाव घेऊन उपरोध ग्रुपवर कधीच नको, याला मी अपवाद ठेवणार नाही.

बडोद्याला विनोदाचं एक जास्तीचं भांडवल मिळालेलं आहे, ते म्हणजे मराठी आणि गुजराती यांची शेजारघरं. गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामा, काम नसलेला. पुण्याहून नव्याने आलेल्या बाईंना शेजारच्या टेबलावरून 'तमे नवरा छो?' असं विचारलं गेलं की त्या क्षणभर गांगरतात. विचारणाऱ्याला फक्त हातात काम आहे का ते हवं असतं. मग दोन्ही बाजू हसतात, आणि दांडिया बाजारातली जुनी मंडळी त्यावर आपली भर घालतात की दोन्ही अर्थ एकच आहेत, तुम्हाला कळायला उशीर झाला. हा उत्तम विनोद आहे, कारण फजिती भाषेची होते, दोघांनाही अर्धी अर्धी येते आणि कोणालाच खाली उतरावं लागत नाही. पण त्याच बाईंचे 'ळ' आणि 'ण' जेवणाच्या टेबलावर रोज वेडावून दाखवले, किंवा डभोईकडून येणाऱ्या शिपायाच्या बोलीची नक्कल केली, की विषय भाषेवरून माणसावर गेला. शब्द तेच, हशाही तेवढाच, गोष्ट मात्र वेगळी झाली.

'गंमत केली हो, एवढं काय मनावर घेता' हे वाक्य इथेच येतं. कायद्यापुढे ते चालत नाही, हे अजून पुष्कळ साहेबांना ठाऊक नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लैंगिक रोखाच्या शेऱ्यालाही छळ मानतो आणि कसोटी ठेवतो ती 'नकोसं' असण्याची. बोलणाऱ्याच्या मनात गंमत होती की नाही, यावर ती ठरत नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतून. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. जातीवरून, आडनावावरून, रंगावरून केलेल्या चेष्टेला मात्र असा सोपा दरवाजा बहुतेक खाजगी कचेऱ्यांत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाची गोष्ट अॅट्रॉसिटीच्या कायद्यापर्यंत जावी लागते, नाहीतर ती कुठेच जात नाही. ही उणीव मला मोठी वाटते. त्याच समितीला किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या समितीला हेही काम द्यायला काय हरकत आहे?

अर्थात प्रत्येक वाक्य समितीपुढे नेता येत नाही आणि नेऊही नये. रोजच्या कामाला एक कसोटी पुरते: ज्याची थट्टा झाली त्याला तिची परतफेड करता येते का? त्याच मिटिंगमध्ये, त्याच आवाजात, तसंच वाक्य त्याने परत केलं तर चालेल का? चालणार नसेल तर ती थट्टा नव्हती. शिवाय आठवडाभर मोजावं की लक्ष्य कोण होतं. पाच दिवसांत तोच माणूस तिसऱ्यांदा सापडला तर त्याला 'आमचा विनोदवीर' म्हणायला लागण्याआधी थांबावं. तो स्वतःही स्वतःवर विनोद करू लागलेला असतो, आणि तेच बघून लोक निर्धास्त होतात. रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा वेगळ्या काढल्या: जोडणारा, स्वतःला सावरणारा, बोचणारा, आणि स्वतःला कमी लेखून इतरांची मर्जी राखणारा. शेवटची तऱ्हा दिसायला नम्रतेसारखी असते, पण ती माणसाच्या खचलेल्या आत्मविश्वासाशी जोडलेली आढळते. साहेबांनी स्वतःवर केलेला विनोद आणि शिपायाने स्वतःवर केलेला विनोद, दोन्हीला आपण 'दिलदारपणा' म्हणतो. साहेबांचं त्यात काही जात नाही. शिपायाचं जातं.

हे सगळं पाळलं तर कचेरी अळणी होईल, अशी तक्रार येते. ती साहेबांकडूनच येते, हे लक्षात घ्या. खालच्यांचा वरच्यांवरचा विनोद मी बंद करायला सांगत नाही. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या पाटलाची टर उडवतो ती परंपरा आपली आहे आणि तिला कुठल्या परिपत्रकाची गरज पडली नाही. फक्त वरच्यांनी तिच्याकडे कान द्यावा. वाऱ्याच्या फाइलचा विनोद पहिल्यांदा ऐकला तर हसावं. तिसऱ्यांदा ऐकला की ती तक्रार समजून लेखा विभागाला फोन करावा. नाहीतर विनोद वाफ सोडायच्या झडपेसारखा होतो: माणसं हसून मोकळी होतात आणि पंखा तीन उन्हाळे तसाच राहतो. विनोदाविरुद्धचा माझ्या मते हा एकच खरा आक्षेप आहे, आणि त्याचं उत्तर ऐकणाऱ्याकडे असतं.

मग साहेबांनी काय करावं? बडोद्याला दूर जायला नको. चिं. वि. जोशी याच शहरात पाली शिकवत होते, पुढे संस्थानच्या दफ्तरखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. सरकारी कागदांच्या ढिगात बसून लिहिणाऱ्या या गृहस्थांचा चिमणराव आपली सगळी फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतो. दुसऱ्यावर हसायची पाळी त्याच्यावर क्वचित येते, कारण तेवढी उसंतच त्याला मिळत नाही. साहेबांनी महिन्यातून वीस मिनिटं चिमणराव व्हावं.

म्हणजे एक छोटी बैठक: सहा ते बारा माणसं, त्याहून जास्त नकोत, नाहीतर ते भाषण होतं. सुरुवात सर्वांत वरिष्ठाने करायची. तीन वाक्यं: काय चुकलं, त्याचे किती रुपये किंवा किती तास गेले, आता काय बदललं. विनोद चालेल, पण स्वतःच्या चुकीवरच. दुसऱ्याने सांगितलेल्या चुकीवर तो स्वतः हसल्याशिवाय कोणी हसायचं नाही. नावांसह टिपण ठेवायचं नाही. पहिल्या दोन बैठकांत दुसरं कोणीही बोलणार नाही. तसंच असतं, साहेबांनी पुन्हा बोलावं. बिघडतं कुठे, तर साहेब चूक म्हणून गुण सांगतात: 'माझं चुकतं ते असं की मी कामात स्वतःला विसरतो.' या वाक्याला अकरा जण हसतात आणि बैठक तिथेच संपते. खऱ्या चुकीला आकडा असतो. 'जीएसटीच्या रिटर्नची तारीख मी चुकवली, दंड आपण भरला' हे चालतं. दुसरी मोडण्याची जागा मार्च महिना: तिथे सांगितलेली चूक एखाद्याच्या वार्षिक मूल्यमापनात दिसली की पुढे दहा वर्षं कोणी तोंड उघडत नाही, साहेब बदलले तरी.

परिणाम मोजायला प्रश्नावली छापू नये. 'वातावरण आनंदी आहे का' या प्रश्नाला सगळे पाचपैकी चार देतात. दुपारी सव्वा वाजता कँटीनकडे बघावं. साहेब आत आले की टेबलावरचा हशा एकदम तुटतो, की नुसता थोडा खाली येऊन चालू राहतो, हे काउंटरमागे सेव-उसळीच्या प्लेटा भरणाऱ्याला नेमकं माहीत असतं. पण त्याला विचारायला साहेबांनी जाऊ नये. तो हसेल आणि 'एकदम मस्त, साहेब' म्हणेल.